उपडं खापर

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की जळगावात डांबर वितळून चपलेला चिकटतं आणि आमच्या ऑफिसात कुणीतरी काहीतरी विकायला येतं. यंदा संगणक विकणारे आले. मी पाइपच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात बसते. इतकी वर्षं आमचे पाइप आणि त्यांचे सांधे निमूटपणे कागदावर पडून असत. आता म्हणे ते पडद्यावर गोल फिरणार, आतून-बाहेरून दिसणार. गळ्यात टाय बांधलेल्या एका घामाघूम मुलाने यंत्र जोडलं, रंगीत पडदा उजळला, आणि नमुना म्हणून त्याने एक चेंडू दाखवला. चेंडूवर हवेत एक चौकोनी कापड. त्याने बटण दाबलं तसं कापड खाली आलं, चेंडूवर टेकलं, आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी लोंबू लागल्या.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी म्हटलं, कडा इतक्या सावकाश पडत नाहीत, मधला भाग टेकल्याबरोबर कडांना ओढ लागते. मुलगा हसला, म्हणाला, मॅडम, तेही बदलता येतं. एक खूण डावीकडून उजवीकडे सरकवली आणि कडा सटकन पडल्या. एवढंच. मला इतका संताप आला की मी पाणी प्यायला उठून गेले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण त्याने बोटभर सरकवून जे केलं, त्यासाठी माझा एक अख्खा उन्हाळा खर्ची पडला होता, आणि एवढं करून ते शेवटी उलटंच राहिलं होतं.

तो उन्हाळा देवपूरचा. नव्वदीच्या अगदी सुरुवातीचा. पांझरेच्या पात्रात पाणी औषधालाही नव्हतं आणि पुलावरून जाताना खालची वाळू तव्यासारखी अंगावर यायची. मी तिथल्या एका खासगी तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. ते तंत्रनिकेतन आता बंद पडलंय, तिथे लग्नं लागतात. तेव्हा त्याच्या वरच्या मजल्यावर चार संगणक होते आणि ते ज्या खोलीत होते तिथे आख्ख्या इमारतीतला एकमेव एसी होता. चपला बाहेर काढाव्या लागत. आम्ही गाभाऱ्यात शिरल्यासारखे अनवाणी आत जायचो, आणि दहा मिनिटांत लाइट गेली की पुन्हा बाहेर येऊन कुणाची चप्पल कुणी नेली ते शोधत बसायचो.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला तीन वर्षं दिली होती. तीन म्हणजे तीन. सोनगीरहून देवपूरला पोरीला शिकायला ठेवणं त्यांच्या भावकीत कुणालाच पटलेलं नव्हतं, आणि आबांनी सगळ्यांना एकच उत्तर देऊन गप्प केलं होतं, की तीन वर्षांत पास होईल, नाहीतर परत येईल. त्यातच जळगावच्या या कारखान्याने आमच्या वर्गातून एकजण घ्यायचं ठरवलं आणि माझं नाव निवडलं. अट अशी की पहिल्या फटक्यात पास व्हायचं. ऑक्टोबरला बसणारे नकोत. म्हणजे मे महिन्यात सुटले तर जळगाव, अडकले तर सोनगीर. लेखी परीक्षेची मला काळजी नव्हती. अडलं होतं ते प्रकल्पावर.

प्रकल्पाचा विषय भामरे सरांनी दिला होता. घरातली रोजची एखादी वस्तू घ्या, तिच्यातली हालचाल शोधा, ती कुठल्या ऊर्जेवर चालते ते शोधा आणि बेसिक या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून ती पडद्यावर हलवून दाखवा. सरांना वाटलं होतं, मुलं घरोघरी जाऊन डोळे उघडून बघतील. मुलांनी लंबक घेतला. एकाने घड्याळाचा लंबक घेतला, दुसऱ्याने पाळणा, तिसऱ्याने झोका, चौथ्याने विहिरीत सोडलेली बादली. सर वैतागून म्हणाले, अरे हे सगळं एकच आहे. तर पाचव्याने हात वर करून सांगितलं, सर, माझी देवळातली घंटा आहे. झोका खरं तर मी घेणार होते. तो गेला म्हणून मी रागाच्या भरात मांडा म्हणून बसले.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मांडा म्हणजे आमची पुरणपोळी, पण पोळपाट-लाटणं न लावता केलेली. पीठ वस्त्रगाळ, कणीक मऊसूत, आत पुरण. तो गोळा दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवायचा, पार कोपरापर्यंत, आणि मग तापलेल्या खापरावर टाकायचा. खापर म्हणजे मातीचं मोठं गोल भांडं. ते चुलीवर उपडं घालतात, तोंड खाली आणि पोट वर. पोटावर मांडा पडतो आणि त्याच्या कडा सगळीकडून लोंबतात. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरोघरी मांडे आणि आंब्याचा रस होतो. हे सगळं आम्हाला इतकं माहीत असतं की दुसऱ्या कुणाला ते सांगावं लागेल असं मनातही येत नाही. माझी चूक झाली असेल तर ती इथेच.

वर्गात अर्थातच हसले. मनातले मांडे खाणारे पुष्कळ पाहिले, ही पडद्यावरचे खाणार, असं महिनाभर चाललं. सरांना मात्र विषय आवडला. ते म्हणाले, मांडा म्हणजे ठिपक्यांचं जाळं समज, दोन ठिपक्यांच्या मध्ये एक बारीक स्प्रिंग, ठिपक्याला वजन. ऐकायला सोपं होतं. मी कागदावर ठिपके काढले, एकशे एकवीस झाले. सर म्हणाले, मशीन मरेल, कमी कर. शेवटी एकोणपन्नासावर तडजोड झाली.

मांडे आमच्याकडे अक्का करायची. ही आबांची थोरली बहीण. सोनगीरातच दिलेली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. गावात कुणाकडे मांडे असले की अक्काला बोलावणं असे, आणि अक्का गेली की आधी खापर तपासायची. ते चुलीवर केसभर तिरकं बसलेलं असलं तरी हिचं डोकं फिरायचं. एकदा एका घरी पंगत बसलेली, पानं वाढलेली, आणि अक्का खापर नीट बसेपर्यंत हात लावायला तयार नाही. यजमानांनी हात जोडले तरी नाही. तिच्या हातून एखादा मांडा फाटला तर ती तो कुणाला खाऊ द्यायची नाही, गाईला घालायची. मला त्या गाईचा हेवा वाटायचा.

दर शनिवारी मी एस.टी.ने सोनगीरला जायची. किल्ल्याच्या पायथ्याशी उतरलं की तांबटांची ठोकठोक कानावर पडायची आणि अक्काच्या ओट्यापर्यंत सोबत करायची. मी कॉलेजच्या खेळाच्या खोलीतून एक स्टॉपवॉच मागून आणलं होतं. अक्का गोळा हातावर घ्यायची आणि मी बटण दाबायची. किती सेकंदांत किती वाढला ते बघायला पट्टी जवळ नेली की कणीक पट्टीला चिकटायची आणि मांडा फाटायचा. असे एका दिवसात चार. अक्काने ते चारही गाईला घातले आणि पाचव्याला पट्टी ओट्याखाली फेकून दिली. मी विचारलं, मग मी मोजू कशी? ती म्हणाली, मोजू नकोस. मी विचारलं, कळतं कसं कधी टाकायचा? तर म्हणे, ‘कोपरलोंग उना का टाकी देवाना.’ कोपरापर्यंत आला की टाकून द्यायचा. कुणाच्या कोपरापर्यंत, ते प्रोग्रॅममध्ये कसं लिहायचं, हे मी तिला विचारलं नाही. हात टेकले.

पहिला मांडा मी पंख्यासारखा फिरवला. मला खात्री होती की गरगर फिरल्यामुळेच तो वाढतो. पडद्यावर तो दोन फेऱ्या नीट फिरला, तिसऱ्या फेरीला ठिपके चारी दिशांना उधळले आणि एक ठिपका पडद्याबाहेर जाऊन मशीनच बंद पडलं. पुढच्या शनिवारी मी अक्काला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तू फिरवतेस ना, त्या फिरवण्याची शक्ती मोजायची आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला आठ-नऊ वर्षांची असल्यासारखं वाटलं. ‘मी फिरावत नही त्याले,’ ती म्हणाली. ‘तो त्यानाच वजनमा वाढस. मी फक्त वाट देस.’

मी इतकी वर्षं तिचे हात पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. हात फिरताना दिसायचे, पण ते काम करत नव्हते. ते फक्त एकामागून एक खालून सरकत होते, मधला भाग अडू नये म्हणून. ओढत होतं ते कडांचं स्वतःचं वजन. मी परत जाताना एस.टी.त खिडकीशी बसून सगळी समीकरणं खोडली. फिरवणं काढून टाकलं. ठिपक्यांना वजन दिलं, हातांच्या जागी दोन आडव्या रेघा घातल्या आणि त्या आळीपाळीने सरकवल्या. सोमवारी मांडा पडद्यावर पहिल्यांदा वाढला. हिरव्या पडद्यावर हिरवे ठिपके, एका चित्रानंतर दुसरं चित्र यायला दीड मिनिट. पण ते वाढणं अक्काचंच होतं. मी एसीच्या खोलीत एकटीच उभी राहून बघत होते आणि मला रडू येत होतं. तेवढ्यात लाइट गेली.

त्या दिवसांनी मला एक खोड लावून ठेवली आहे, ती अजून गेलेली नाही. मला कुठलीच वस्तू गप्प बसलेली दिसत नाही. दोरीवर ओली साडी वाळत असते आणि मी बघते की खालच्या काठाचं पाणी तिला ओढतंय, आणि जसजसं ते सुकतंय तसतशी साडी वर चढतेय. गच्चीवर पापड वाळताना वरची बाजू आधी आकसते म्हणून कडा उचलतात. घागर कडेवर घेऊन जाणाऱ्या बाईच्या चालीत आतलं पाणी तिच्या पावलापेक्षा थोडं मागे असतं. लोकांना उन्हाळ्यात ऊन दिसतं. मला ठिपके दिसतात आणि मधल्या स्प्रिंगा दिसतात, आणि जेवायला बसले की ताटातली पोळीसुद्धा धड पोळी राहत नाही. याचा जगात कुणाला काही उपयोग नाही, आणि ही खोड काढूनही टाकता येत नाही. कधीकधी वाटतं, झोका घेतला असता तर सुखाने जगले असते.

आता उलट्याची गोष्ट. तेव्हाच्या पडद्यावर ठिपका वरून खाली मोजत. शून्य वर, दोनशे खाली. आम्ही शाळेत आलेख खालून वर काढलेले, त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाचं पहिलं चित्र उलटं आलं. पाळणा आढ्याकडे लोंबत होता आणि बादली विहिरीतून आभाळात गेली होती. सरांनी त्यावर एक उपाय सांगितला, प्रत्येक उंची दोनशेतून वजा करा. जो विसरेल त्याच्या वहीवर लाल शाईत ‘Y उलटा’ असा शेरा पडायचा. महिनाभरात आम्हा सगळ्यांना तो शेरा पाठ झाला. उलटं काही दिसलं की चूक, आणि चूक असली की दोनशेतून वजा. मी इमानदारीने वजा केलं होतं. माझं खापर जसं असतं तसंच होतं, पोट वर आणि तोंड खाली. मांडा वरून यायचा, पोटावर टेकायचा, कडा लोंबायच्या.

फक्त चूल नव्हती. चूल मी काढली होती, तीन दगड आणि वर जाळ. पण मशीनची मेमरी पुरेना. सर म्हणाले, चूल काही हलत नाही, तिला कशाला ठिपके, काढून टाक. मी काढून टाकली. आज मला कुणी विचारलं की आयुष्यात कशाचा पश्चात्ताप होतो, तर मी ती चूल सांगेन.

परीक्षा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी लागली. बाहेरचे परीक्षक आले ते समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाहून, रात्रभर प्रवास करून आलेले, उन्हाने लाल झालेले आणि आल्यापासून तिसऱ्यांदा पाणी मागत असलेले. त्यांनी लंबकाचे पाचही प्रकार शांतपणे पाहिले. पाचव्याला त्यांची सहनशक्ती संपली आणि सहावी मी होते.

त्यांनी पडदा पाहिला. खुर्ची थोडी मागे घेतली, पुन्हा पाहिला. म्हणाले, भांडं उपडं आलंय, दोनशेतून वजा करायला विसरलात. मी म्हटलं, केलंय सर. ते म्हणाले, मग दोनदा केलं असेल. मी म्हटलं, नाही सर, ते खापर आहे. त्यावर त्यांचा आवाज चढला. ‘चूक तुमची आहे. तिचं खापर दुसऱ्या कुणावर फोडू नका.’

मला आधी कळेचना. मग कळलं आणि हसू आलं, आणि ते त्यांना दिसलं. मी घाईघाईने सांगायला लागले की सर, खापर हे भांड्याचं नाव आहे, ते उपडंच असतं. पण माणूस एकदा चिडला की त्याला उलट उत्तर तेवढं ऐकू येतं. ‘ते तसंच असतं’ हे त्यांनी आयुष्यभर चुकलेल्या मुलांकडून ऐकलेलं असणार. मी भामरे सरांकडे पाहिलं. सरांचं लहानपण शिरपूरकडे गेलेलं, त्यांच्या घरी काल मांडेच झाले होते. त्यांनी खिडकीकडे बघितलं. माझ्यामागे अजून पंधरा मुलं उभी होती आणि परीक्षकांचा पारा चढला तर ती सगळी होरपळणार होती, हे मला आज समजतं. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

परीक्षक म्हणाले, चित्र सरळ करा, मग पुढचं बघू. नाहीतर ऑक्टोबरला या.

एक ओळ होती. त्या ओळीतलं दोनशे वजा काढायचं, बस. माझ्या डोळ्यांसमोर जळगावचा कारखाना नव्हता, खरं सांगायचं तर आबा होते, भावकीसमोर मान खाली घालून बसलेले. मी ओळ बदलली. प्रोग्रॅम चालवला. खापर सुलटं झालं, तोंड वर. आणि सगळंच उलटं झाल्यामुळे मांडा आता खालून निघाला, दोन रेघांवरून उठला, हळूहळू वर गेला आणि भांड्याच्या बुडाला जाऊन चिकटला. त्याच्या कडा वरच्या बाजूला लोंबू लागल्या.

‘आता भांडं बरोबर आहे,’ परीक्षक म्हणाले. ‘पण पोळी वर का जाते?’

इतका वेळ खिडकीत बघणारे भामरे सर तेव्हा बोलले. म्हणाले, वाफेमुळे सर. परीक्षकांनी मान डोलावली, आणि माझ्या वहीत इंग्रजीत लिहिलं की वाफेची ऊर्जा चांगली दाखवली आहे. मार्क भरले, सही केली. मी पास झाले होते. इतका राग घेऊन पास झालेली मुलगी त्या इमारतीत दुसरी झाली नसेल.

आणि तेव्हाच दारात अक्का उभी दिसली. मीच तिला बोलावलं होतं. तुझा मांडा पडद्यावर पाहायला ये, असं दोन महिने तिच्यामागे लागले होते. ती सकाळच्या एस.टी.ने आली, माझी परीक्षा संपायची वाट बघत बाहेर सावलीत बसून राहिली, आणि परीक्षकांना चहा आला तशी चपला काढून आत शिरली. हातात फडक्यात बांधलेले कालचे मांडे, सरांसाठी. थंड हवा अंगावर आल्यावर तिने पदर घट्ट केला. मग माझ्याजवळ येऊन पडद्याकडे पाहिलं. मांडा वर निघाला होता.

ती दीड-दीड मिनिटांची चार चित्रं बघेपर्यंत हलली नाही. मग हळू आवाजात विचारलं, ‘हाऊ वर काबर जाई राह्यना?’ तो वर का जातोय, हे तिथे सांगता येण्यासारखं नव्हतं. तीन हातांवर परीक्षक बशीत चहा ओतत होते आणि त्यांची सही अजून ओली होती.

सरांनी गडबडीने अक्काची ओळख करून दिली आणि फडकं सोडलं. परीक्षकांना मांडा दिला. ते खाऊ लागले आणि खाता खाता त्यांचा चेहरा सैल पडला. सकाळपासून पोटात काही नव्हतं बहुतेक. दुसरा मागून घेतला. मग त्यांनी अक्काला अगदी प्रेमाने विचारलं, बाई, इतकी मोठी आणि इतकी पातळ पोळी तुम्ही भाजता कशावर? अक्का म्हणाली, खापरवर.

‘खापर म्हणजे?’ परीक्षकांनी विचारलं.

मी टेबलाची कड घट्ट धरली. अक्काने त्यांचा रिकामा कप उचलला, टेबलावर उपडा ठेवला, आणि उरलेल्यातल्या मांड्याचा एक तुकडा त्याच्यावर टाकला. तुकड्याच्या कडा कपावरून खाली लोंबल्या. ‘आसं,’ ती म्हणाली. परीक्षकांनी कपाकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते बरेचसे ओशाळले आणि ओशाळलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं.

‘मग हे आधीच सांगायचं नाही का?’ ते मला म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी वही पुन्हा जवळ ओढली, पेन काढलं, आणि थांबले. म्हणाले, खरं म्हणजे आधीचंच बरोबर होतं, ते परत तसं करायला हवं. पण शेरा लिहून झालाय, सही झालीय. आता चित्र बदललं तर मला हा प्रकल्प अपूर्ण म्हणून पाठवावा लागेल, आणि तुम्हाला ऑक्टोबरला तो नव्याने दाखवावा लागेल. तुम्ही सांगाल तसं करतो.

मी सरांकडे पाहिलं नाही. अक्काकडेही पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. ऑक्टोबर म्हणजे काय हे तिला आबांनी सांगितलेलं होतं. पडद्यावर मांडा पुन्हा पहिल्यापासून निघाला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती, केसभर तिरकं खापर न चालणारी ती बाई.

‘पास व्हई गयी ना तू?’ तिने मला विचारलं. मी मान हलवली.

‘मंग राहू दे उलटं.’

आणि मी राहू दिलं.